आपण गवंडी आहोत हे सिद्ध कसे करावे
(नवशिक्यांसाठी सोपे मार्गदर्शन)

बांधकाम कामगार बंधूंनो आणि भगिनींनो, आधी तुमचं अभिनंदन. तुमच्यासाठी महाराष्ट्रात एक अख्खं कल्याणकारी मंडळ आहे. पहिली ते सातवीतल्या पोराला वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावीला ५,०००. बाळंतपण सुखरूप झालं तर १५,०००, सिझर झालं तर २०,०००. तुमच्या स्वतःच्या पहिल्या लग्नाला ३०,०००. दुसऱ्याचं तुमचं तुम्ही बघा. शिवाय भांड्यांचा संच. त्यात चार ताटं, आठ वाट्या, परात, मसाल्याचा डबा, पाच लिटरचा कुकर असे मोजून ३० नग असतात.

अटी फार नाहीत. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम. काम तर तुम्ही केलेलंच आहे, हवं तर कमरेला विचारा. राहता राहिला पुरावा. तेवढ्यासाठी हे मार्गदर्शन. लेखकाला या क्षेत्रातला दोन वर्षांचा अनुभव आहे. म्हणजे आमच्या घराचा गिलावा केलेले मिस्त्री दोन वर्षं प्रयत्न करताहेत आणि मी त्यांचे फॉर्म भरतो आहे. का भरतो आहे, ते दुसऱ्या धड्यात येईल.

१. आधी काम बुडवायला शिका

नोंदणीचं केंद्र तालुक्याला असतं आणि कामाच्या वेळेत उघडं असतं. तुमचीही तीच वेळ, हा निव्वळ योगायोग समजा. रविवारी केंद्र बंद, तेव्हा साइट चालू. त्यामुळे काम केल्याचा दाखला काम बुडवूनच मिळतो, हे पहिल्याच दिवशी मनाला समजावा. पुढचं सोपं जातं.

नाक्यावर उभे राहणाऱ्यांसाठी खास सूचना. पुण्यातला वारज्याचा नाका असो की हडपसरचा, सकाळी नऊपर्यंत कोणी नेलं नाही तर दिवस गेलाच. मग अशा मोकळ्या दिवशी केंद्रावर जावं, असं नवशिक्यांना वाटतं. पण त्या दिवशी कागद घरी असतात. कागदांची पिशवी घेऊन नाक्यावर उभे राहिलात तर हमखास काम लागतं. कारण सांगता येणार नाही, अनुभव आहे. काम लागत नसेल तर पिशवी जरूर न्या.

२. मालक पारखून घ्या

नव्वद दिवसांचा दाखला देतो कोण? ठेकेदार देतो, ग्रामसेवक देतात, नाहीतर पालिकेचा अधिकारी. नवशिका मालकाकडे जाताना हजेरी किती देणार ते बघतो. इथेच तो फसतो. आधी त्याची सही बघा. थापी हातात घेण्यापूर्वी अदबीने विचारा, "शेठ, आपली आस्थापना नोंदणीकृत आहे का?" त्यावरही त्याने तुम्हाला हाकललं नाही, तर पुढे विचारा, "मजूर एकूण किती?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कायदा दहा आणि त्याहून जास्त मजूर असलेल्या आस्थापनेला लागू होतो. म्हणून कितीतरी साइटवर मजूर नऊच असतात. इमारत चार मजल्यांची, मजूर नऊ. बाकीचे पंधरा-वीस जण पाहुणे म्हणून आलेले असतात आणि नुसतं कसं बसायचं म्हणून घमेली उचलतात. तुम्ही तिथे दहावे असाल तर दाखला मागू नका. तुम्ही दिसतच नाही, मग दाखला कोणाच्या हातात देणार?

कोणाच्या घरचं काम घेतलं असेल तर बजेट विचारा. स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांच्या आतलं काम १९९६ च्या कायद्याने आस्थापनेच्या व्याख्येतून वगळलं होतं. म्हणजे नऊ लाख नव्वद हजारांच्या घराला तुम्ही गिलावा केलात तर गिलावा आहे, भिंत आहे, ओळंब्यात आहे, फक्त सही करायला कोणी नाही. (तो कायदा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांमध्ये विरघळला. नव्वद दिवस विरघळले नाहीत.)

आमच्या मिस्त्रींनी मलाही विचारलं होतं. "दादा, तुमच्याकडं बावीस दिवस भरले, तेवढं लिहून द्या की." मी पेन आणायला आत गेलो आणि आत जाऊन वकील मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, कुठल्याही कागदावर सही करण्याआधी विचार करावा. मी विचार केला, आणि बाहेर येऊन मिस्त्रींना चहा दिला. त्यांनी तो घेतला. पेनाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही. तेव्हापासून मी त्यांचे फॉर्म भरतो.

३. गाव की शहर, हे एकदा ठरवा

ठेकेदार नाही म्हणाला तर ग्रामसेवकांकडे जा. (त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. हाक जुनीच मारा, अर्जावर नवीन लिहा.) मिस्त्री अक्कलकोट तालुक्यातले. गावचे म्हणाले, "तुम्ही काम पुण्यात केलं, ते मी इथं बसून कसं लिहून देऊ?" मुद्दा बिनतोड. पुण्याचे पालिकेचे अधिकारी म्हणाले, "आधारवर पत्ता अक्कलकोटचा दिसतोय, तिकडूनच आणा." हाही मुद्दा बिनतोड. दोघंही नियमाने चालणारी माणसं. त्या दोघांच्या मध्ये एसटीची एक रात्र आहे, आणि ती दर खेपेला दोनदा काढावी लागते.

यावर तज्ज्ञांचा सल्ला असा की, नव्वद दिवस आपल्याच गावात काम करावं. गावात काम असतं तर मिस्त्री पुण्याला कशाला आले असते, असा प्रश्न कोणाला पडेल. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

४. नव्वद मोजायचे कसे

एकाच ठेकेदाराकडे सलग तीन महिने काढलेत तर तुम्ही नशीबवान. नाक्यावरच्या माणसाचे नव्वद दिवस चाळीस मालकांकडे सांडलेले असतात. कोणाकडे दोन दिवस टाइल्स, कोणाकडे अर्धा दिवस संडासाचं भांडं बसवणं. प्रत्येक घराच्या दारात जाऊन जुनी ओळख सांगा आणि अर्ध्या दिवसाची सही मागा. काही घरं विकली गेली असतील, काही पाडली असतील. पाडलेल्या भिंतीचे दिवस धरायचे का, याबद्दल कोणी छातीठोक सांगत नाही.

जोडीने काम करणाऱ्यांना वेगळं सांगतो. नवरा गिलावा मारतो, बायको माल कालवून पाट्या देते, ठेकेदाराच्या वहीत 'एक जोडी' असं लिहिलेलं असतं आणि नाव नवऱ्याचं. वहिनी, तुमचे नव्वद दिवस त्यांच्या नव्वदमध्ये मुरले आहेत. वेगळे काढायला गेलात तर ठेकेदार म्हणेल, जोडी फोडू नका.

आजारपण शक्यतो टाळा. नव्वदचे अठ्ठ्याऐंशी झाले तर लाभार्थी म्हणून तुमचं नाव धोक्यात. मात्र कायद्यात एक माणुसकीची सोय होती, तीही सांगतो. कामावरच्या अपघाताने घरी बसलात तर ते दिवस या हिशोबातून वगळायचे. टायफॉइडला ही सवलत नाही. म्हणून पडायचंच असेल तर आजारी पडू नका, परांचीवरून पडा.

५. (सर्व्हर डाउन आहे. पुढच्या पायरीवर जा किंवा दुपारी तीननंतर चौकशी करा.)

६. अंगठा

आता तुम्ही केंद्राच्या दारात आहात. नोंदणीची फी एक रुपया, वार्षिक वर्गणी एक रुपया. सरकारने ती मुद्दाम इतकी कमी ठेवली आहे की गरिबाला झळ बसू नये. सुटे आणा. बाकी झेरॉक्स, फोटो, रिक्षा आणि बुडालेली हजेरी हा तुमचा हौसेचा खर्च.

कागद दाखवून झाले की अंगठा. टेबलावर काडेपेटीएवढं यंत्र असतं, त्याच्या काचेत लाल उजेड. मिस्त्रींनी उजवा अंगठा ठेवला. यंत्र नाही म्हणालं. टेबलामागची मुलगी मान वर न करता म्हणाली, "काका, डोक्यावरून फिरवा." मिस्त्रींनी अंगठा केसांतून फिरवला, थोडं तेल लागावं म्हणून. पुन्हा नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. मुलीने फडक्याने काच पुसली, मग त्यांचं बोट पुसलं, मग पुन्हा काच. रांगेतल्या एकाने खिशातून खोबरेलाची बाटली काढून पुढे केली. त्याची तिसरी खेप होती, तो तयारीने आला होता.

घरात बावीस दिवस हा माणूस काम करत होता, पण त्याचा अंगठा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. त्यावर रेषाच नव्हत्या. ओल्या सिमेंटने खाऊन खाऊन त्याचा गोटा झाला होता, गुळगुळीत, आणि मधोमध एक बारीक भेग, तिच्यात राखाडी भरलेली. ती धुऊन निघत नाही. तीस वर्षं गिलावा मारल्याशिवाय असा अंगठा होत नाही. यंत्र पुरावा मागत होतं आणि पुरावा त्याच्या काचेवर टेकलेला होता.

"काका, आधी आधार अपडेट करून या," मुलगी म्हणाली. तिचाही दोष नव्हता. तिच्या स्क्रीनवर फक्त दोनच उत्तरं येतात.

यावर रामबाण उपाय आहे. पंधरा दिवस हाताला सिमेंट लागू देऊ नका, रात्री खोबरेल लावून झोपा, थोड्याफार रेषा परत येतात. थोडक्यात, आपण गवंडी आहोत हे सिद्ध करायचं असेल तर पंधरा दिवस गवंडी राहू नका. घरखर्चाचं काय, हे विचारू नका. हे मार्गदर्शन नोंदणीपुरतं आहे.

७. आता खरी युक्ती सांगतो

रांगेत काही जणांचा अंगठा पहिल्या फटक्यात उठतो. त्यांच्याकडे नीट बघा, शिकण्यासारखं असतं. शर्टाला इस्त्री, नखं स्वच्छ, कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमाने लावलेले. नव्वद दिवसांचा दाखला करकरीत, जावक क्रमांकासकट, घडीही न पडलेला. बोगस बांधकाम कामगार सापडल्याच्या बातम्या जिल्ह्याजिल्ह्यांतून येतात त्या या मंडळींच्या. त्यांना नावं ठेवू नका. त्यांनी ही व्यवस्था तुमच्याआधी समजून घेतली.

व्यवस्था अशी आहे की, कामगार म्हणून नोंद व्हायला चार-सहा मोकळे दिवस लागतात, आणि मोकळे दिवस ज्याला काम नाही त्याच्याकडेच असतात. कागद सांभाळायला पत्र्याच्या खोलीपेक्षा बरं घर लागतं. अंगठ्याला रेषा लागतात. थापी न धरलेल्या माणसाकडे या तिन्ही गोष्टी असतात. तेव्हा नवशिक्यांना माझा मनापासून सल्ला आहे की बांधकाम कामगार व्हायचं असेल तर बांधकामावर जाऊ नका. दुकान टाका, पानटपरी चालवा, आणि दुपारी वेळ मिळाला की नोंदणी करून या.

ते जमणार नसेल तर केंद्राच्या समोरच्या चहाच्या टपरीवर बसा आणि फॉर्मकडे बघून मोठ्याने उसासा टाका. दोन मिनिटांत एक गृहस्थ येईल आणि "कुठं अडलंय?" असं विचारेल. तो मंडळाचा कोणी नसतो, पण मंडळातल्या सगळ्यांची चौकशी आपुलकीने करतो. दाखला, सही, शिक्का, तारीख, सगळं तो एका गठ्ठ्यात देतो. तुम्ही खरोखरच गवंडी आहात असं सांगितलंत तर त्याला जरा वाईट वाटेल, कारण खऱ्या माणसाला वेळ जास्त लागतो. दर मात्र तोच.

८. शेरे वाचायला शिका

अर्ज केल्यावर मोबाइलवर मेसेज येतील. ते तीन प्रकारचे असतात. 'कागदपत्र अस्पष्ट' म्हणजे तुमच्या मुलाने रात्री बल्बखाली काढलेला फोटो. 'माहिती विसंगत' म्हणजे आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे, बँकेत शेवटी आहे आणि रेशनकार्डावर नुसतंच 'आप्पा'. 'प्रलंबित' म्हणजे काही नाही.

९. शिष्यवृत्तीचा हिशोब

नोंदणी झाली म्हणजे पैसे आले, असं नाही. प्रत्येक लाभाचा अर्ज निराळा. मिस्त्रींचा मुलगा सहावीत. त्याच्यासाठी २,५०० रुपये हवेत. शाळेचा बोनाफाइड आणि ७५ टक्के हजेरीचा दाखला लागतो. इथे एक गंमत लक्षात घ्या. बापाने वर्षात नव्वद दिवस भरले तरी चालतं, पोराने पाऊण वर्ष भरलं पाहिजे. काम संपलं की साइट हलते, साइट हलली की शाळा हलते, आणि पोराची हजेरी दोन शाळांच्या मध्ये कुठेतरी, ट्रकच्या मागच्या फाळक्यावर, भांड्याकुंड्यांबरोबर राहते. मिस्त्रींनी मुलाला आजीजवळ गावी ठेवलं म्हणून त्याची पंच्याहत्तर भरली.

आता बेरीज. गवंड्याची हजेरी हजार धरा. शाळेच्या दाखल्याला एक खाडा, अर्जाला एक, आधार अपडेटला एक, त्रुटी पूर्ततेला एक. चार हजार. एसटी, झेरॉक्स आणि वाटेतला वडापाव सहाशे. एकूण ४,६०० रुपये खर्चून २,५०० मिळाले, तर निव्वळ तोटा २,१००. दोन मुलांचे एकदम अर्ज केले तर तेवढ्याच खर्चात उलट चारशे रुपये सुटतात, म्हणून दोन मुलं असावीत. योजना पहिल्या दोनच मुलांना आहे, तिसऱ्यावर हिशोब पुन्हा बिघडतो.

वरच्या शिक्षणात मात्र परवडतं. पदवीला वर्षाला २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,०००, वैद्यकीयला एक लाख. तेव्हा पोराला पहिलीतून थेट मेडिकलला घाला.

१०. मंडळ गरीब आहे असं मनात आणू नका

इतक्या खेपा घालाव्या लागतात त्याअर्थी तिजोरीत खडखडाट असेल, असं वाटून तुम्हाला मंडळाची दया येईल. आवरा. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात, तो तुमच्याच नावाने. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात देशभरचा हिशोब आला, तेव्हा सुमारे ३७,४०० कोटी रुपये जमा झाले होते आणि त्यातले साधारण ९,५०० कोटी वापरले गेले होते. त्याच्या आदल्या वर्षी या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीनची खरेदी झाल्याचं कॅगने न्यायालयाला सांगितलं. न्यायमूर्ती चकित झाले. आपण होऊ नये. सिमेंटचे कपडे हाताने निघत नाहीत, हे कोणाच्या तरी लक्षात आलं असावं.

११. नूतनीकरण

दर वर्षी. पुन्हा नव्वद दिवस, पुन्हा दाखला. गेल्या वर्षी गवंडी असलेला माणूस या वर्षी कलेक्टर झालेला असू शकतो, ही काळजी घ्यावी लागते. पायरी १ पासून सुरुवात करा.

आमच्या मिस्त्रींची नोंदणी एकदाची झाली. आधार अपडेट झालं, डाव्या हाताच्या करंगळीने साथ दिली. करंगळीला सिमेंट कमी लागतं, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तुम्हाला फुकट सांगतो आहे. आता मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी मूळ कागदपत्रं दाखवायची तारीख मिळाली आहे. मंगळवार, सकाळी साडेदहा.

मंगळवारी त्यांच्या साइटवर स्लॅब आहे. स्लॅबला खाडा करणाऱ्याला मुकादम पुन्हा बोलावत नाही.